दाढीवाला पाहुणा

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या थोरल्या नातवानें मुंबईहून जव्हारास येतांना एक पुठ्ठ्याची पेटी छातीशीं धरून आणली. आंत फळें असतील असें वाटून सूनबाईंनीं ती थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली व झांकण उघडलें. तों वीतभर लांबीचा एक सरडा मान वर करून त्यांच्याकडे पाहूं लागला! पुढें जें झालें त्याचें वर्णन करीत नाहीं. वाचकांच्या घरींहि वडील माणसें असतीलच.

हा प्राणी आपल्याकडला नव्हे. त्यास ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात. मूळ तो ऑस्ट्रेलियांतील रुक्ष प्रदेशाचा. भ्याला किंवा रागावला म्हणजे गळ्याखालचें काटेरी कातडें फुगवून काळें करतो, म्हणून हा दाढीवाला. त्या देशानें आपले रानटी प्राणी व्यापारासाठीं बाहेर धाडणें केव्हांच बंद केलें आहे. इतरत्र विकले जातात ते बहुतेक पिंजऱ्यांत जन्मलेले. आम्हीं नातवास पहिला प्रश्न केला तो पावतीचा. आपली घोरपड किंवा घोयरा सरडा घरीं बाळगणें हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे, आणि परदेशी प्राण्यांविषयींचे नियमहि अलीकडे कडक होत आहेत. वनखात्याकडे चौकशी केल्यावांचून असा जीव कोणीं घेऊं नये.

आमच्या सौ.नीं पंचांगांतील सरडारोहणाचें फल काढलें. त्यावर आम्हीं भागवतांतील नृग राजाची कथा सांगितली. दानांतल्या एका चुकीमुळें तो कृकलास, म्हणजे सरडा, होऊन विहिरींत पडला होता व श्रीकृष्णानें त्यास वर काढलें. त्यांनीं सगळी कथा ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “राजा असेल तर ओसरीच्या खोलींत राहूं दे, माझ्या ओट्यावर नको.” हा निवाडा वैद्यकासहि धरूनच निघाला. सरड्यांच्या विष्ठेंत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात व ते लहान मुलांस आणि वृद्धांस विशेष बाधतात. म्हणून त्याचीं भांडीं निराळीं, तीं धुण्याची जागा निराळी, आणि त्यास शिवल्यावर साबणानें हात धुणें सक्तीचें.

पहिले चार दिवस त्यानें कशास तोंड लावलें नाहीं. घरांत लहानमोठीं नऊ मुलें; जो तो त्यास उचलून पाही. गळा काळा, डोळे मिटलेले. नातू रडकुंडीस आला. आम्हीं म्हटलें, अरे, नव्या सुनेससुद्धां आपण पहिले आठ दिवस कामास लावीत नाहीं! पेटीच्या तीन बाजूंस जुनें लुगडें टाकलें, आंत लपण्यास एक कौल ठेवलें, वाळू काढून वर्तमानपत्र अंथरलें, कारण वाळू पोटांत गेली तर आंतडें तुंबूं शकतें. दहा दिवस कोणीं हात लावावयाचा नाहीं, असा नियम केला. सहाव्या दिवशीं तो खाऊं लागला.

उष्णतेविषयीं मात्र आम्हीं स्वतःच चुकलों. पेटी खिडकीशीं ठेवली कीं ऊन मिळेल, अशी आमची समजूत. पण ज्या किरणांनीं त्याच्या अंगांत चुना मुरतो, ते किरण कांच अडवून धरते. ते न मिळाले तर हाडें मऊ होतात, जबडा वांकडा होतो, आणि मग बराच उशीर झालेला असतो. त्यासाठीं निराळी नळी मिळते. ती लखलखत राहिली तरी तिचा गुण वर्षभरांत ओसरतो, तेव्हां बदलावी लागते. पेटीच्या एका टोंकास दिव्याखालीं चाळीस अंशांच्या सुमाराची ऊब हवी, दुसरें टोंक पंचवीस अंशांच्या आसपास. ऊब नसेल तर खाल्लेलें पचत नाहीं. जव्हार साडेचारशे मीटर उंचीवर. पौषांतल्या रात्रीं येथें थंडी चांगलीच असते.

सगळ्यांत अडलें तें अन्नापाशीं. मोठेपणीं हा पालाहि पुष्कळ खातो, पण लहानपणीं त्यास मुख्यतः जिवंत किडेच लागतात. आमच्या घरांत अंडेंहि येत नाहीं. दोन दिवस वाद झाला. आमचें मत असें पडलें कीं आपलें ताट त्याच्यावर लादणें ही अहिंसा नव्हे; ज्याला किडे घालवत नाहींत त्यानें हा प्राणी आणूं नये. आतां नातू विकत आणलेले रातकिडे गोठ्यांत डब्यांत ठेवतो. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा, व त्यास चुन्याची औषधी पूड लावावी. जोडीस शेवग्याचा पाला आणि किसलेला लाल भोपळा. पालक नेहमीं देऊं नये. तो चुना अंगीं लागूं देत नाहीं. शेतांतले किडे आम्हीं देत नाहीं, फवारणीचें भय असतें.

खर्चाची टोंचणी आहेच. १९९२ सालीं याच तालुक्यांत वावर-वांगणीस कुपोषणानें बालकें दगावलीं. नातवास तें सांगितलें, तेव्हां त्यानें विचारलें, “मग आजोबा, रानांत सोडूं का?” आम्हीं नको म्हटलें. आपल्या पावसांत तो जगावयाचा नाहीं, आणि जगला तर त्याचा रोग येथल्या सरड्यांस लागेल. दहा वर्षें जगणारा जीव एकदां घरीं आणला कीं प्रश्न मिटला. दुसरा मात्र आणावयाचा नाहीं.

ज्येष्ठांत मोखाड्याच्या रस्त्यावरचीं झाडें काजव्यांनीं लुकलुकूं लागलीं. धाकटी नात बरणीभर काजवे घेऊन आली, पाहुण्यास मेजवानी म्हणून! पेटीचें झांकण उघडलें होतें, इतक्यांत सूनबाईंनीं तिचा हात धरला. काजव्याच्या अंगांत हृदयास मारक विष असतें. एकच काजवा गिळून हे सरडे कांहीं तासांत मेल्याचें पशुवैद्यांनीं नोंदलें आहे. सूनबाईंनीं तें कधीं वाचून ठेवलें होतें, आम्हांस ठाऊकहि नव्हतें. येथें रात्रीं त्याला वैद्य कोठून मिळाला असता?

मग पाऊस लागला आणि एके रात्रीं वीज गेली ती पहांटेपर्यंत आली नाहीं. गरम पाण्याची पिशवी फडक्यांत गुंडाळून पेटीशीं टेकवून ठेवली होती. रात्रींतून तीनदां उठून तिच्यांतलें पाणी बदललें तें सौ.नीं. सकाळीं दिवा लागला तेव्हां त्या पेटीपुढें बसल्या होत्या, आणि तो पुढचा एक पाय उचलून हळूहळू हलवीत होता. मोठ्यापुढें नमतें घेण्याची ही त्यांची रीत आहे, असें आम्हीं समजावून सांगितलें.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या, “नमस्कार करतो आहे.”