देशाचा रकाना

"खेळात राजकारण आणू नये" हे वाक्य आमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी म्हणतंच. बाकीचे माना डोलावतात. मला मात्र ते पटत नाही, मंडळी. का, ते टेबल टेनिसच्या एका जुन्या यादीवरून सांगतो.

जागतिक स्पर्धा, पुरुष एकेरी. १९३७, बाडेन : रिचर्ड बर्गमन, ऑस्ट्रिया. १९३९, कैरो : रिचर्ड बर्गमन, इंग्लंड. माणूस तोच, देश वेगळा. छपाईची चूक वाटावी... पण तसं नाही. बाडेन व्हिएन्नाजवळचं, आणि बर्गमन व्हिएन्नाचाच. तिथे जिंकला तेव्हा जेमतेम १७ वर्षांचा होता. (आपल्याकडे या वयाची मुलं बारावीच्या क्लासात पिचत असतात!) मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. बर्गमन ज्यू कुटुंबातला. तो इंग्लंडला निघून गेला. कैरोत दुहेरीतही तो जिंकला. जोडीदार व्हिक्टर बार्ना, पाच वेळा एकेरीचा जगज्जेता, तोही ज्यू आणि मूळचा हंगेरीचा. दोघांच्याही नावापुढे इंग्लंड!

ही स्पर्धा झाली मार्च १९३९ मध्ये. पुरुषांचा सांघिक स्वेदलिंग कप जिंकला चेकोस्लोव्हाकियाने. त्याच महिन्याच्या १५ तारखेला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि तो देशच नकाशावरून गेला. आता सांगा, राजकारण खेळात कुणी आणलं? खेळाडूंनी?

पण मला खरी ओढ आहे ती हरलेल्याची. कैरोच्या अंतिम सामन्यात बर्गमनसमोर होता पोलंडचा आलोझी एर्लिख. १९३६ ला प्रागमध्ये कोलारकडून हरला, १९३७ ला बर्गमनकडून, १९३९ ला पुन्हा बर्गमनकडून. तीनदा उपविजेता. चिवटपणा म्हणाल तर प्रागच्या एका सांघिक सामन्यात रुमानियाच्या पानेथविरुद्ध त्याचा पहिलाच गुण दोन तासांहून जास्त चालला होता! चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुणीच चुकेना. प्रेक्षकांची मला दयाच येते. असो.

कैरोनंतर सहा महिन्यांत पोलंडवर हल्ला झाला. एर्लिखही ज्यू. फ्रान्समध्ये तो गेस्टापोच्या हाती सापडला आणि ऑश्विट्झला, पुढे डाखाऊला पोचला. तिथे कुणीतरी त्याला टेबल टेनिसपटू म्हणून ओळखलं आणि त्यामुळे तो वाचला, असं सांगतात. युद्धानंतर तो फ्रान्समध्येच राहिला आणि १९९२ साली वारला.

यादीत हे कुठे दिसतं? १९४० ते १९४६ एवढ्या वर्षांपुढे नुसती आडवी रेघ. १९४७ ला पॅरिसमध्ये पुन्हा सुरुवात, विजेता चेकोस्लोव्हाकियाचा व्हान्या. बर्गमन १९४८ आणि १९५० ला आणखी दोनदा जिंकला. एर्लिखची ऐन उमेदीची वर्षं मात्र त्या रेघेत गेली, आणि एकेरीचं जगज्जेतेपद त्याला कधीच मिळालं नाही.

इयत्ता नववीला मी वर्षानुवर्षं दुसरं महायुद्ध शिकवलं. कारणे, परिणाम, टिपा लिहा. ही तीन रकान्यांची यादी फळ्यावर लिहिली असती, तर मुलांनीच प्रश्न विचारले असते, असं मला वाटतं. नातू टेबल टेनिस खेळतो, म्हणून त्याच्यासाठी ती छापून काढली. पण तिच्यात नुसते विजेतेच होते. मग १९३६, १९३७ आणि १९३९ पुढे मी पेन्सिलीने लिहिलं : उपविजेता, एर्लिख, पोलंड.