वीस फुटांचा पाइप, नऊ फुटांचा हौदा : धोका कुणाचा, दंड कुणाला?

जालना : रब्बीच्या तोंडावर पाइपलाइनची कामं निघाली की जालना–अंबड, जालना–भोकरदन, जालना–मंठा या सगळ्या रस्त्यांवर एकच चित्र दिसतं. पुढे पिकअप, तिच्या हौद्यातून मागे निघालेले पाइप आणि टोकाला बांधलेलं लाल फडकं. एमआयडीसीच्या बाजूने येणाऱ्या गाडीत पाइपाऐवजी सळई असते, एवढाच फरक. आपला जिल्हा स्टीलचा आहे आणि मोसंबी-ठिबकचाही. त्यामुळे लांब माल छोट्या गाडीत हा आपला रोजचाच विषय आहे. मात्र अपघात झाला किंवा पावती फाटली तरच त्याची चर्चा होते.

आधी साधा हिशेब पाहू. शेतीचा पीव्हीसी पाइप आणि तुषारचा पाइप येतो सहा मीटरचा, म्हणजे वीस फुटांचा. पिकअपचा हौदा असतो आठ ते दहा फूट. नऊ फूट धरला तर अकरा फूट पाइप बाहेर. केबिनवर जाळी बसवून पाइप वरून पुढे काढले तरी भागत नाही, कारण बोनेटपासून फाळक्यापर्यंत अख्खी गाडीच सोळा-सतरा फुटांची. छोटा हत्ती तर त्याहून आखूड. म्हणजे पाइप कसाही ठेवा, तो बाहेर येणारच. सळईचं तर विचारूच नका. ती बारा मीटरची, चाळीस फुटांची. मधोमध वाकवली तरी वीस फूट उरतेच.

कायदा काय म्हणतो?

लाल फडकं बांधलं की झालं, असा आपल्याकडे समज आहे. पूर्वी माल थोडा मागे निघालेला चालायचा, नियमात तशी मुभा होती. बाहेर आलेल्या सळयांनी माणसं मरतात म्हणून सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली. त्यानंतर 2014 मध्ये केंद्राने ती मुभाच काढून टाकली. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम 194 (1अ) नुसार माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर 20 हजार रुपये दंड आहे. शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि माल उतरल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. वजन जास्त भरलं तर त्याचा 20 हजारांचा दंड निराळा आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार.

वजनाचंही भान ठेवावं लागतं. बारा एमएमची एक पूर्ण सळई साडेदहा किलोच्या वर भरते. शंभर सळया म्हणजे टनाच्या पुढे. पिकअपवाला "अजून दहा टाका" म्हणतो तेव्हा त्या दहांत शंभर किलो जातात.

धोका नेमका कुठे?

दिवसा धोका कमी वाटतो. खरी भीती दिवस मावळल्यावर. पाइप मावावेत म्हणून फाळका खाली सोडला की नंबरप्लेट झाकते, बऱ्याचदा मागचा दिवाही झाकतो. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला समोरच्या गाडीचा डिपर डोळ्यांवर येतो. त्याला गाडी दिसली तरी तिच्या मागे सहा-सात फुटांवर असलेलं टोक दिसत नाही. सळईचं टोक तर बोटाएवढं, तेही छातीच्या उंचीवर.

दुसरं म्हणजे वळण. गाडी डावीकडे वळली की मागचं टोक उजवीकडे झुकतं. चौकात शेजारी उभ्या असलेल्या माणसाला हे कळायच्या आत ते येऊन लागतं. तिसरं, मागच्या चाकांच्या पलीकडे वजन लोंबलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट धरत नाही. चौथं, अचानक ब्रेक मारला की गुळगुळीत माल पुढे सरकतो आणि केबिनची काच फोडून ड्रायव्हरपर्यंत पोचतो. त्यात पाइप उडू नयेत म्हणून वर दोन मजूर बसवायची पद्धत आहे. माल धरायला माणूस बसवणं म्हणजे त्याचा जीव दोरीच्या जागी वापरणं. हे आधी बंद झालं पाहिजे.

दंड भरतो कोण?

कलमात गाडी चालवणारा आहे, तसाच चालवायला लावणारा आणि चालवू देणारासुद्धा आहे. रस्त्यावर मात्र सापडतो तो ड्रायव्हर. त्याच्या दोन-तीन हजारांच्या भाड्यावर 20 हजारांची पावती फाटते. माल भरून देणारा दुकानदार नामानिराळा राहतो. शेतकऱ्याचा पाइप रस्त्याच्या कडेला उतरतो आणि दुसऱ्या गाडीचं भाडं त्याच्याच बोडक्यावर. मग पुढच्या वेळी तोच ड्रायव्हर रात्रीचं निघतो. म्हणजे पावतीच्या भीतीने धोका कमी होत नाही, उलट अंधारात सरकतो.

मार्ग आहे का?

आहे, पण एकट्याने निघत नाही. वीस फुटांचा हौदा असलेला ट्रक एका शेतकऱ्याला परवडत नाही. गावातल्या पाच-सहा जणांनी एकाच दिवशी माल उचलला तर परवडतो. शेतकरी कंपनी किंवा गावची सोसायटी हे काम करू शकते. मोठ्या पाइपात छोटा घालून भरला तर जागाही निम्मी लागते. जिथे चालेल तिथे वेटोळ्यात येणारा एचडीपीई पाइप घ्यावा. पाइप दहा-दहा फुटांचे करून नेले तर जोड वाढतात, कपलर आणि सोल्युशनचा खर्च येतो, पण तो दंडापेक्षा पुष्कळ कमी. सळई घेताना नकाशाप्रमाणे यार्डातच कापून, वाकवून मागावी.

माल भरतो तिथेच तपासणी झाली तर निम्मा प्रश्न मिटेल. एमआयडीसीच्या गेटवर आणि पाइपच्या दुकानासमोर गाडी अडवणं सोपं आहे, तिथे माल परत उतरवताही येतो. मंठ्याच्या रस्त्यावर रात्री नऊला अडवून शेतकऱ्याने पाइप कुठे ठेवायचे? ठिबक-तुषारला सरकार अनुदान देतं. माल शेतापर्यंत सुरक्षित पोचवायची जबाबदारी विक्रेत्यावर टाकण्याची अट त्यात घालायला काय हरकत आहे?

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. लांब माल असेल तर पिकअप ठरवूच नका. आणि दुकानदार "जातंय की, सगळेच नेतात" म्हणाला, तर त्याला विचारा, मागून येणाऱ्या पोराची हमी तू घेतोस का?