ऐकू येत नाही, वाचता येतं. अक्षरं द्या!

मराठी प्रेक्षकहो,

आज रात्री कोणतीही मराठी मालिका लावा आणि रिमोटवरचं सबटायटलचं बटण दाबा. बहुतेक वेळा काहीही होणार नाही. मग थिएटरात मराठी चित्रपटाला जा. तिथे पडद्याच्या तळाशी अनेकदा अक्षरं दिसतील, पण इंग्रजी. कर्णबधिर विद्यालयात मराठीतून शिकलेल्या मुलाला त्यांचा काय उपयोग?

म्हणजे तंत्र आहे, पडद्यावर जागा आहे आणि निर्मात्याच्या खिशात पैसाही आहे. मराठी न येणाऱ्यासाठी ही सोय आनंदाने होते. मराठी येणाऱ्या, पण ऐकू न येणाऱ्या माणसासाठी होत नाही. आमचं भांडण याच्याशी आहे.

हा प्रश्न मूठभरांचा नाही

2011च्या जनगणनेत देशात 50 लाखांहून अधिक लोकांनी श्रवणदोष नोंदवला. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागलेले, पण स्वतःला दिव्यांग न म्हणवणारे आपले आईवडील, आजीआजोबा त्यात किती सुटले असतील याचा विचार करा. संध्याकाळच्या मालिकांचा हक्काचा प्रेक्षक तोच आहे.

आजी विचारतात, "काय म्हणाली गं ती?" नात मोबाइलमधून मान वर करते. "काही नाही आजी, भांडण झालं." तीन मिनिटांचा प्रसंग, त्यातले टोमणे, उकरून काढलेली उणीदुणी, शेवटी फुटलेलं रडू, सगळं दोन शब्दांत आटोपतं. चार वेळा विचारून झालं की आजी विचारणं सोडतात. नातीचा यात दोष नाही. दुभाष्याचं काम तिच्या गळ्यात वाहिनीने मारलं आहे.

आम्ही नेमकं काय मागतो?

मराठी संवादाखाली मराठी अक्षरं. नुसते शब्द नव्हेत. कोण बोललं, कसं बोललं, कुठला आवाज झाला, हेही. यालाच कॅप्शन म्हणतात. असं:

[दाराची कडी वाजते]
सुमन: आई आल्या वाटतं!
सुमन (कुजबुजत): चिठ्ठी लपव.

कडीचा आवाज लिहिला नाही, तर सुमन का दचकली ते कळत नाही. 'कुजबुजत' गाळलं, तर सासूने ऐकलं की नाही ते कळत नाही. पुढचा अख्खा भाग त्या चिठ्ठीवर बेतलेला असतो.

कायदा आमच्या बाजूला आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016च्या कलम 29मध्ये दूरचित्रवाणीसाठी सांकेतिक भाषा किंवा सबटायटल आणि कलम 42मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी कॅप्शनिंगची तरतूद आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर 2019मध्ये टीव्हीसाठी सुलभता मानकं जाहीर केली. टप्प्याटप्प्याने वाढवत 2025पर्यंत निम्म्या कार्यक्रमांपर्यंत पोहोचायचं, असं त्यात ठरलं होतं. ती मुदत आली आणि गेली. मार्च 2024मध्ये चित्रपटगृहांसाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. एकाहून अधिक भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना सहा महिने मिळाले, बाकीच्यांना जास्त मुदत. आपले बहुतेक मराठी चित्रपट त्या 'बाकीच्यां'त मोडतात.

न्यायालयं गप्प बसलेली नाहीत. जानेवारी 2023मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या निर्मात्यांना ओटीटीसाठी कॅप्शन आणि ध्वनिवर्णन तयार करायला सांगितलं. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने बजावलं की सुलभतेचे किमान नियम बंधनकारक हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. एप्रिल 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुलभता ही जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवली.

आणि कायदा मोडल्यास शिक्षा? पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड. एवढ्या रकमेला कोणती वाहिनी भिणार? म्हणून प्रेक्षकांनी मागे लागणं भाग आहे.

सबबी आणि उत्तरं

*"खर्च परवडत नाही."* इंग्रजी सबटायटलला परवडतो. तिथे भाषांतर करावं लागतं, इथे तेही नको.

*"रोजची मालिका, वेळ कुठून आणायचा?"* मालिकेचे संवाद चित्रीकरणाआधी देवनागरीत लिहिलेले असतातच. सेटवर चार वाक्यं बदलली, तर संकलित भाग पाहून तेवढी दुरुस्त करायची. थेट बातम्या आणि सामन्यांची अडचण खरी आहे, म्हणून 2019च्या मानकांनी त्यांना सूट दिली. चित्रित करून दाखवल्या जाणाऱ्या मालिकेला ती सबब चालत नाही.

*"पडदा भरून जातो."* ज्याला नको त्याने बटण दाबून बंद करावं. सोय तशीच बनवलेली आहे.

*"आता यंत्र आपोआप करतं."* करू दे, पण नंतर माणसाने तपासावं. नावं, आडनावं, एकमेकांवर चढलेले आवाज, वऱ्हाडी आणि मालवणी बोली यांत यंत्र काय दिवे लावतं, ते मोबाइलवर पाहून घ्या. विनोदी कार्यक्रमात चुकीचं कॅप्शन आलं, तर घरात एकटा माणूस हसत नाही.

हे तंत्र कालपरवाचं नाही. अमेरिकेत 16 मार्च 1980पासून टीव्हीवर नियमित कॅप्शन सुरू झाली आणि जुलै 1993पासून 13 इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत ती दाखवण्याची सोय सक्तीची झाली. बीबीसीने 2008मध्ये आपल्या मुख्य वाहिन्यांवरचे सगळे कार्यक्रम कॅप्शनसह देण्याचा टप्पा गाठला. परदेश कशाला? अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारी 1996पासून हेच सांगत आले: गाण्याखाली त्याच भाषेत ओळी दिल्या, की जेमतेम अक्षरओळख असलेला माणूसही गाता गाता वाचू लागतो. म्हणजे फायदा शाळकरी पोरांना आणि नवसाक्षर बायाबापड्यांनाही.

दुकानाच्या पाटीवर मराठी हवी म्हणून आपण कायदा केला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी भाषेला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले. मग मराठी मालिकेखाली मराठी अक्षरं मागताना आवाज का बसतो?

आमच्या मागण्या

1. संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा या वेळेतल्या प्रत्येक मराठी मालिकेला मराठी कॅप्शन.
2. सह्याद्री ही जनतेच्या पैशावर चालणारी वाहिनी. सुरुवात तिथून.
3. राज्य सरकारचं अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाला मराठी कॅप्शनची अट. कॅप्शन नाही, तर अनुदान नाही.
4. ओटीटीवरच्या मराठी मालिका-चित्रपटांना इंग्रजीबरोबर मराठीचाही पर्याय.
5. शासनाच्या प्रत्येक व्हिडिओला, विशेषतः पूर, साथ आणि परीक्षांच्या सूचनांना, पहिल्या दिवसापासून अक्षरं.

तुम्ही काय कराल?

प्रत्येक वाहिनीने तक्रार निवारण अधिकारी नेमणं 2021च्या नियमांनी बंधनकारक आहे. तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत द्यावा लागतो. खालचा मजकूर जसाच्या तसा पाठवा:

"आपल्या वाहिनीवरील ______ ही मालिका आमच्या घरी रोज पाहिली जाते. तिला मराठी कॅप्शन नसल्याने घरातील श्रवणदोष असलेल्या व्यक्तीला ती समजत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 आणि 2019ची सुलभता मानके यांनुसार कॅप्शन कधी सुरू होतील, ते तारखेसह लेखी कळवावे."

तारीख मागायला विसरू नका. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे' हे उत्तर उत्तर म्हणून धरू नका. पंधरा दिवसांत तारीख आली नाही, तर तक्रारीची प्रत आणि पोच जोडून अर्ज पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात द्या. एका घरातून एक अर्ज गेला, तर तो फाइलीत जातो. एका सोसायटीतून चाळीस गेले, तर वाहिनीला बैठक बोलवावी लागते.

हे पत्रक वाचून झालं की शेजारी द्या.

— मराठी अक्षरं मागणारे प्रेक्षक आणि त्यांचे घरचे