मेल्यावरचा कर कुणाचा माफ झाला?



या देशात माणूस मेला की त्याच्या इस्टेटीवर सरकार कर घेत असे. १९५३ चा मृत्युकर कायदा. मोठ्या इस्टेटीवर दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. १९८५ साली अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो रद्द केला. कारण काय दिले? वसुली थोडी आणि खटाटोप फार.

बंगलेवाल्यांचा खटाटोप वाचला. आमच्या खटाटोपाचा हिशेब कुणी केला? वारस नोंदीला एक पैसा कर नाही, असे पुस्तक सांगते. मग तलाठ्याकडे आणि तहसिलीत मारलेले खेटे, बुडालेली मजुरी, चहापाण्याच्या नावाखाली गेलेल्या नोटा, हे काय आहे? हाच आमचा मृत्युकर. त्याला माफी नाही.

परिणाम गावोगाव दिसतो. पऱ्हाटी नातू पेरतो, सातबारा मेलेल्या आजाच्या नावाने. मयताच्या नावावर पीककर्ज मिळत नाही, विम्याला अडचण, शेतकरी ओळखपत्राला अडचण. घरधनी गेला आणि जमीन सासऱ्याच्याच नावे राहिली, तर विधवेला तिच्याच धुऱ्यावर परकी ठरवतात. कायद्याने ती वारस आहे, पण कागदावर तिचे नाव नाही.

सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. चांगले केले. पण सातबारा जिवंत करायला मोहीम लागते, यातच तो इतकी वर्षे मेला होता याची कबुली आहे. मृत्यूची नोंद गावातच होते, तलाठी दप्तरही गावाचेच. एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात नाव जायला शेतकऱ्याची पायपीट का लागावी? मृत्यू नोंदला की वारस फेरफार सरकारने आपण होऊन सुरू करावा, ही आमची मागणी आहे. मेहरबानी नको.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. कायदा बदलत गेला आणि आपण झोपलो. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने ती अट गेली. बाप २००५ आधी वारला असला तरी मुलीचा हक्क राहतो, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी तेवढी मोडत नाही. तरीही भाऊबीजेला लुगडे देऊन हक्कसोडावर बहिणीचा अंगठा घेणारे आपल्यातच आहेत. ज्वारीला भाव मिळत नाही म्हणून सरकारला लुटारू म्हणायचे आणि बहिणीला लुटायचे, हे चळवळीला शोभत नाही. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीत हजारोंनी बायकोच्या नावे जमीन केली. ती वाट आपणच मोडू द्यायची काय?

म्हणून जिवंतपणी करायची कामे आजच करा. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही; दोन साक्षीदारांसमोर सही-अंगठा पुरे. मात्र ते आपल्या हिश्शापुरतेच चालते. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटणी होते. वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला आहे; फी मागितली तर तो दाखवा. घरात मृत्यू झाला तर तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्या आणि तिची पोच घ्या. पोच नाही तर वर्दी नाही, हे ध्यानात ठेवा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणावा. ज्याच्यावर मयताचे नाव असेल, त्या सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच मोर्च्याने तहसिलीत देऊ. एकट्याला परत पाठवता येते, हजारांना नाही.