बिनकराराचे कॉन्ट्रॅक्टर

कुडाळच्या एस.टी. स्टँडवर सकाळी साडेसातला उभे राहा. पिंगुळी, नेरूर, माणगाव, पाट, सगळ्या बाजूंनी आलेली आपली पोरं दिसतील. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा पट्टा, पाठीला सॅम्पलची बॅग, खिशात व्हिजिटिंग कार्ड. कुणी बी.ए., कुणी आय.टी.आय. विचारा, काय करतोस? छाती काढून सांगेल, मार्केटिंगला आहे. नोकरीला का? छे, कॉन्ट्रॅक्टर आहे.

कॉन्ट्रॅक्टर! ज्याच्या बापाने आयुष्यभर कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली खडी फोडली, त्याला एका रात्रीत कॉन्ट्रॅक्टर करून टाकला. काय ही बढती! आम्ही विचारतो, कॉन्ट्रॅक्ट कुठाय? दाखव कागद. कागद नाही. सही घेतली होती, प्रत दिली नाही.

हे लिहिणाऱ्याने आठ महिने हाच धंदा केलाय. ऐकीव सांगत नाही. पाणी शुद्ध करायची मशीनं विकायची. सॅम्पलसाठी अनामत तीन हजार. पगार नाही, मशीनमागे कमिशन. पेट्रोल तुझं, मोबाईल तुझा, पंक्चरसुद्धा तुझं. पण सकाळी आठच्या मीटिंगला हजेरी पाहिजे. कुठल्या गावात जायचं ते मॅनेजर ठरवणार. पोचल्याचा फोटो पाठवायचा. सुट्टी मागून घ्यायची. आठ महिन्यांत तीन मॅनेजर बदलले. पहिल्याने कबूल केलेलं दुसऱ्याला ठाऊक नाही. एकाच वाडीत दोन पोरं पाठवली, दोघांना दोन भाव सांगून. ऑर्डरी लिहून घेतल्या, ॲडव्हान्स घेतला, मशीन आलंच नाही. महिनाअखेरीला विचारावं, पैसे कधी गावतले? उत्तर ठरलेलं : हेडऑफिसातून इले नाय, पुढच्या महिन्यात बघूया.

लोक म्हणतात, कंपनीचा कारभार ढिसाळ. अरे, कुणासाठी ढिसाळ? अनामत घेताना कधी गफलत झाली नाही. टार्गेट मोजताना आकडा चुकला नाही. गफलत होते ती फक्त देताना. जो गोंधळ दर खेपेला मालकाच्याच फायद्याचा होतो, त्याला गोंधळ म्हणणारा एक तर भोळा आहे, नाहीतर मालकाचा माणूस.

आणि या धंद्यात आपलीच पोरं का लागतात? कारण वाडी. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगतात, तुमच्या नात्यातल्या पन्नास माणसांची यादी करा. मावशी, आते, मंडळाचा खजिनदार, बुद्धविहारात भेटणारी माणसं. आपल्या माणसांचा विश्वास हे कंपनीचं भांडवल, त्यावर व्याज द्यावं लागत नाही. मशीन आलं नाही की मावशी कंपनीला ओळखत नाही, ती तुझी कॉलर धरते. कंपनी गाशा गुंडाळून जाते, तू त्याच वाडीत राहतोस. वरच्या आळीत गेलास तर खळ्यात उभा करून आधी विचारतात, तू खंयच्या वाडीतलो रे? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आज त्यांचा पोरगा पाणी शुद्ध करायचं मशीन घेऊन पडवीच्या पायरीवर ताटकळतो. हीच का ती कोरी, जात नसलेली नोकरी?

कोकणाला हा मधला माणूस नवा नाही. रत्नागिरी-कुलाब्यात त्याला खोत म्हणत. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये तो बसायचा. पिकवायचं कुळाने, हिस्सा खोताचा; पीक बुडालं तर मरण कुळाचं. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं बिल आणलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. खोती कायद्याने गेली १९४९ साली. पण खोत मेला का? तो गाळा भाड्याने घेऊन एजन्सीची पाटी लावून बसलाय. मोठी कंपनी वर, पोरगा खाली, मध्ये हा. नफ्याला हा, नुकसानीला पोरगा.

आता कायदा. शिरोड्याची मिठागरं आपल्यापासून लांब नाहीत. तिथल्या १९३० च्या सत्याग्रहाची भाषणं दरवर्षी ऐकतो. मीठ पिकवणाऱ्यांचा दुसरा लढा मात्र कुणी सांगत नाही. तो सौराष्ट्रातला. धरांगध्रा केमिकल वर्क्स या कंपनीच्या मिठागरात आगरिया राबायचे. पगार नाही, मणामागे पैसे; नापास झालेल्या मिठाचा दाम शून्य. कंपनी म्हणाली, हे कामगार नव्हेत, स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर आहेत. १९५६ च्या नोव्हेंबरात, बाबासाहेब गेले त्याच्या काही दिवस आधी, सुप्रीम कोर्टाने निकाल दिला : आगरिया कामगारच आहेत. पैसे कसे मिळतात एवढ्यावर भागत नाही; कामावर हुकमत कुणाची, ते बघायचं. मग सकाळी आठची हजेरी कुणाची हुकमत आहे?

पण सावध. कायद्याची चाळण मोठी होत चाललीय. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० माणसांपासून लागू व्हायचा. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता अंमलात आल्या, त्यात ही हद्द ५० झाली. कुडाळच्या गाळ्यात अकरा पोरं. नव्या संहितेत प्रत्येक एम्प्लॉयीला नेमणूकपत्र द्यायचं बंधन आहे. छान! म्हणून तर तुला एम्प्लॉयी म्हणत नाहीत. कॉन्ट्रॅक्टर हा शब्द तुझ्या मानासाठी नाही, त्यांच्या सुटकेसाठी आहे.

तेव्हा दोस्ता, व्हिजिटिंग कार्डाची ऐट सोड. ही ऐट आम्हीही मिरवलीय, घरी पैसे नसताना. आजपासून वही घाल. कुठल्या तारखेला, कुठे पाठवलं, कुणी पाठवलं, किती विकलं, किती देणं राहिलं. मॅनेजरचे मेसेज पुसू नकोस, तोच तुझा करार. अनामतीची पावती नाही तर अनामत नाही. एकट्याने मॅनेजरकडे जाऊन रडू नकोस. अकराच्या अकरा जण अर्ज घेऊन कामगार अधिकाऱ्याकडे जा. आणि वाडीत बैठक लाव, ज्यांचे ॲडव्हान्स बुडाले त्यांच्यासमोर वही उघड, खरं सांग. तोंड लपवलंस तर कंपनीचं पाप तुझ्या नावावर चढेल.

मनमाडला १९३८ साली रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले होते : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. कुडाळच्या त्या गाळ्यात दोघं एकाच टेबलामागे बसलेत. टेबलाच्या अलीकडे आपण अकरा जण आहोत, आणि आपल्यामागे वाडी. मोजून बघा.

जय भीम.