दुष्काळी कामावरील मजुरी आणि घटनेचे २३ वे कलम

मूलभूत हक्कांची चर्चा निघाली की तिचा ओघ बहुधा वृत्तपत्रस्वातंत्र्याकडे किंवा १९७५ च्या आणीबाणीतील स्थानबद्धतेकडे वळतो. ते स्वाभाविकही आहे. परंतु आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील माणसाची सरकारशी गाठ पडते ती तुरुंगाच्या दारात नव्हे, तर हजेरीपटावर. १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील हजारो हात खडी फोडीत होते, पाझर तलावांवर माती वाहत होते. शेतात काम नाही, सावकार दारात उभा करीत नाही. अशा वेळी श्रमाला एकच गिऱ्हाईक उरते, ते म्हणजे शासन. आणि गिऱ्हाईक एकच असले म्हणजे भाव तेच ठरविते, हे सांगावयास अर्थशास्त्राचा प्राध्यापक लागत नाही.

घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली आहे. निजामी अमलात अंमलदारांची वेठ सोसलेल्या मराठवाड्याला या कलमाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागला नसेल. प्रश्न होता तो ‘सक्ती’ कशाला म्हणावयाचे हा. राजस्थानने १९६४ साली कायदा करून दुष्काळी कामांवरील मजुरांना कामगार कायद्यांच्या संरक्षणातून वगळले होते. अजमेर जिल्ह्यातील एका रस्त्याच्या कामावर किमान वेतनाहून कमी मजुरी पडते, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. ‘संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य’ या खटल्याचा निकाल जानेवारी १९८३ मध्ये लागला. हे साहाय्य आहे, नोकरी नव्हे, असा शासनाचा पवित्रा होता. न्या. भगवती यांनी तो मानला नाही. एशियाडच्या बांधकाम मजुरांविषयी १९८२ साली दिलेल्या निकालातील विचारच त्यांनी पुढे नेला: चाबकाचा धाक तेवढीच सक्ती नव्हे, भुकेने दुसरी वाट ठेवली नाही म्हणून किमान वेतनाखाली राबणे हीही सक्तीच. न्या. पाठक समानतेच्या १४ व्या कलमावरून त्याच निष्कर्षास आले.

याला एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तिजोरी मर्यादित असते. मजुरी वाढली की कामे घटतात. महाराष्ट्रात १९८८ साली किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले, त्याबरोबर रोजगार हमीची मजुरीही वाढली, आणि त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासे झाले, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. हे सत्य मानूनही म्हणावेसे वाटते की, तिजोरीची तूट भरून काढण्यास सर्वांत दुबळ्या माणसाची भाकरी हाताशी आहे म्हणून ती घ्यावी, हा मार्ग घटनेने शासनाला बंद केला आहे. पैसा कमी असेल तर कर वाढवावा, अन्य खर्च आवरावा. व्यवसायकर लावून रोजगार हमीला पैसा उभा करण्याचे धैर्य याच राज्याने दाखविले होते. तरीही २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, किमान वेतन कायद्यात काहीही असले तरी मजुरीचा दर केंद्राने ठरवावा, अशी तरतूद घातली गेली. पुढच्या दाराने घालविलेली गोष्ट मागच्या दाराने आत आली, ती अशी.

हक्क बजावण्यास न्यायालय आवाक्यात हवे, हेही विसरता येत नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू होईपर्यंत बीडच्या माणसाला शासनाविरुद्ध दाद मागण्यासाठी मुंबई गाठावी लागे. ज्याची दिवसाची मजुरीच वादात आहे, त्याने तो खर्च कसा करावा?

पण त्याही आधीची पायरी गावातच आहे. काम मागितल्याचा अर्ज, आणि त्याची पोच. महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याने पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देऊ केला, तो मागण्यास हातात तारखेचा पुरावा लागतो. पोच देण्यास टाळाटाळ होते ती आळसाने नव्हे. दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, हे कारकुनाला पक्के ठाऊक असते.