पाणी गरम येते, म्हणून गीझर ठीक आहे?

थंडी सुरू झाली की लोणंद परिसरात पहाटेची पहिली गरज गरम पाण्याची. एकेकाळी परसात पेटणाऱ्या बंबाची जागा आता अनेक घरांत न्हाणीघराच्या भिंतीवरील गॅस गीझरने घेतली आहे. बंबाचा धूर डोळ्यांना झोंबायचा, म्हणून तो बाहेर असे. गीझरचा धूर दिसत नाही, म्हणून तो आत आला. धोका नेमका इथेच आहे.

गीझरच्या तळाशी बर्नर आणि वर पातळ पत्र्यांत गुंफलेली तांब्याची नळी असते. ज्योतीच्या उष्णतेने नळीतले पाणी तापते. एक घनफूट एलपीजी नीट जळायला सुमारे 25 ते 30 घनफूट हवा लागते. ती पुरली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधला गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या दर्पामुळे कळते; हा वायू मात्र काहीच कळू देत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण मेंदू आणि हृदय उपाशी राहतात.

मार्च 2023 मध्ये होळीनंतर मुंबईत घाटकोपरच्या एका घरात पती-पत्नी न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले. गॅस गीझरमुळे गुदमरल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन येथे गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. अशी बातमी आली की चार दिवस चर्चा होते. गीझर मात्र उघडून पाहिला जात नाही.

कारण दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते ते पाणी गरम येईनासे झाल्यावर. ज्योतीची तब्येत त्याआधीच बिघडू लागलेली असते. बर्नरच्या छिद्रांत धूळ आणि कोळ्याची जाळी साठतात. पत्र्यांवर काजळी बसून धुराची वाट अरुंद होते. निळी ज्योत पिवळी पडते. पाणी तरीही गरम येते, म्हणून घरचे निश्चिंत असतात. अमेरिकेत दुकाने, कार्यालयांच्या गच्चीवर हवा तापवणारी गॅसची मोठी यंत्रे असतात. त्यांचा धूर थेट मोकळ्या हवेत जातो, तरी हिवाळ्यापूर्वी बर्नर, धुराची वाट आणि तडे तपासण्याची तिथे शिस्त आहे. आपल्याकडे ज्योत न्हाणीघरात, माणसापासून हातभर अंतरावर आणि तपासणी शून्य.

नरकचतुर्दशीची पहाट आठवावी. अभ्यंगस्नानासाठी एकामागून एक माणसे आत जातात, गीझर तासभर बंद होत नाही आणि गारठ्यामुळे झरोकाही लावलेला असतो. शेवटी आंघोळ करणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते. बाळ-बाळंतिणीची न्हाणी तर वारा लागू नये म्हणून मुद्दाम बंद ठेवतात. गर्भवती आणि तान्ह्या मुलांना या वायूचा धोका अधिक असतो.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायांतले बळ जाणे ही लक्षणे पित्तावर किंवा उपवासावर ढकलली जातात. आंघोळीतच ती वारंवार होत असतील, तर गीझरवर संशय घ्यावा. कोणी आत बेशुद्ध पडल्यास दार तोडून आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, 108 ला फोन करावा आणि गीझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवून फसवू शकते. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण दीड तास. शुद्धीवर आलेल्या माणसालाही दिवसांनी, आठवड्यांनी विसराळूपणा किंवा चालण्यात अडखळणे सुरू होऊ शकते. म्हणून रुग्णालयात नेणे टाळू नये.

उपाय महागडे नाहीत. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त पाण्याची नळी आत घ्यावी. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, मगच आंघोळ करावी. दरवर्षी दिवाळीपूर्वी जाणकार कारागिराकडून बर्नर आणि पत्रे साफ करून घ्यावेत, रबरी नळी व रेग्युलेटर तपासून घ्यावा आणि ज्योत निळी आहे ना, हे स्वतः पाहावे.

भाडेकरूला मात्र गीझर कुठे बसवावा हे ठरवता येत नाही. लोणंदच्या औद्योगिक वसाहतीमुळे भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार इथे बरेच आहेत. त्यांच्या खोल्या, लॉज, मंगल कार्यालये, वसतिगृहे यांतील गीझरची जबाबदारी मालकाचीच मानली पाहिजे. नगरपंचायतीने हिवाळ्यापूर्वी अशा ठिकाणांकडून तपासणीची नोंद मागितली, तर फारसा खर्च न होता जीव वाचतील. बंब घराबाहेर ठेवणाऱ्या आज्या-पणज्यांना कार्बन मोनॉक्साइड हे नाव ठाऊक नव्हते, पण आगीची जागा ठाऊक होती.